तो नमस्कार नव्हता

मनूचा तो व्हिडिओ डॉक्टरांना मीच दाखवला, आणि तोही कौतुकाने.

मस्कतमध्ये, अल् घुब्राला आमच्या घराजवळच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये आम्ही तिला सर्दीसाठी नेलं होतं. मनवा तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची. डॉक्टर केरळचे, पन्नाशीचे, हौशी आईबापांची सवय झालेले. तिची छाती तपासून ते काहीतरी लिहायला वळले तेवढ्यात मी मोबाईल पुढे केला. म्हटलं, "डॉक्टरसाब, ये देखिए, हमारी बेटी अभी से नमस्ते करती है."

व्हिडिओ आमच्या घरातल्या गणपतीचा. आरती चालू आहे. मनू माझ्या बायकोच्या, वैशालीच्या मांडीवर. ती एकदम मान खाली घालते, दोन्ही हात उचलून पुढे आणते, क्षणभर तशीच राहते आणि सैल पडते. मग पुन्हा तसंच. मग पुन्हा. मागे टाळ्या वाजताहेत आणि सगळ्यांच्या वरताण माझा आवाज आहे: "अजून एकदा, मनू! बाप्पाला जय कर!"

डॉक्टर आधी हसले. मग हसणं थांबवून त्यांनी क्लिप पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा आवाज बंद केला. आरती आणि टाळ्या गेल्यावर ती क्लिप मलाही वेगळी दिसली.

"ये नमस्ते नहीं है," ते म्हणाले. "ये फिट्स है. बच्ची को आज ही बड़े हॉस्पिटल ले जाइए. कल नहीं, आज."

मला आधी रागच आला. मी म्हटलं, "नहीं नहीं, आप देखिए ना, आरती चल रही है." वैशालीने मात्र मनूचं दुपटं आवरलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

या झटक्यांना इन्फंटाइल स्पॅझम्स म्हणतात. लहान बाळांना, साधारण पहिल्या वर्षात येणारे झटके. आपल्याला फिट म्हटलं की हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं आठवतं. इथे तसं काही नसतं. बाळ फक्त दचकल्यासारखं वाकतं, हात पुढे येतात, झालं. याचं जुनं इंग्रजी नाव सलाम अटॅक. म्हणजे ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्यालाही ते अभिवादनासारखंच दिसलं असणार. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. उपयोग होत नाही.

हे लिहितोय ते अशा घरांसाठी, जिथे आत्ता एखादं बाळ असंच काही गोड करत असेल. ते झोपेतून उठल्या उठल्या करतं का? एकापाठोपाठ एक, ओळीने करतं का? झाल्यावर रडतं का? आधी हसायचं ते हल्ली कमी हसतं का? तर टाळ्या वाजवू नका. व्हिडिओ काढा, आवाज बंद करून बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मी मूर्ख ठरलो तर ठरलो, तुम्ही ठरू नका.

मी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. कारखान्यात दाब, तापमान, पातळी मोजणारी जी उपकरणं असतात ती खरं बोलताहेत ना, हे बघणं माझं काम. आठवडाभर सोहारला कंपनीच्या खोलीत राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी काढून मस्कतला घरी यायचं, असा आमचा संसार. वैशाली आधी शाळेत शिकवायची, मनू झाल्यावर घरी होती. त्यामुळे लेकीचं बालपण मी बरंचसं मोबाईलवर पाहिलं.

गणपतीच्या जरा आधीपासूनच तो 'नमस्कार' सुरू झाला होता. मी वैशालीला सांगायचो, आजचा पाठव, आजचा पाठव. मनू उठली की हमखास हात जोडते हे तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून ती तिच्या उठायच्या वेळेला मोबाईल घेऊन बसायची. मी त्या क्लिपा कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवत सुटलो. आमचा ओमानी साहेब, ज्याला सगळे अर्बाब म्हणतात, तोही बघून "माशाल्ला, माशाल्ला" म्हणाला. कुडाळला माझ्या आईला तर आभाळ ठेंगणं झालं. फोनवर म्हणाली, "चेडवाक देवाची ओढ आसा रे!" म्हणजे पोरीला देवाची ओढ आहे. आणि तिने ग्रामदेवतेला नारळ ठेवला.

एकट्या वैशालीला खटकत होतं. एकदा ती म्हणाली, "अरे, नमस्कार झाला की ती रडते. आणि हल्ली माझ्याकडे बघून हसतच नाही." मी म्हटलं, "दात येत असतील. दिवसभर एकटी असतेस ना, म्हणून तुला काहीबाही वाटतं." हे वाक्य मी अगदी लाडाने बोललो होतो. आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

प्लँटमध्ये एखाद्या काट्याने ठरावीक अंतराने तशीच उडी दोनदा घेतली, तर मी हातातला चहा ठेवून उठतो. माझ्या घरात काटा रोज उडत होता आणि मी वन्स मोअर देत होतो.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये मनूला दाखल करून घेतलं. पहिली तपासणी ईईजी. डोक्यावर चिकट जेल लावून बारीक वायरी चिकटवतात आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवतात. दुखत नाही, पण बाळाला झोप लागावी म्हणून आधी जागं ठेवावं लागतं. मनूला जागं ठेवायला मी तिला कॉरिडॉरमध्ये फिरवत होतो आणि वेड्यासारखी गाणी म्हणत होतो. आरती सोडून सगळं म्हटलं.

तिच्या लहरींना डॉक्टरांनी हिप्सअरिथमिया असा शब्द सांगितला. म्हणजे मेंदूतल्या लहरींना कसली शिस्तच उरलेली नाही, सगळा कालवा. असा कालवा चालू असताना मेंदू नवीन काही शिकू शकत नाही, शिकलेलंही विसरायला लागतो. म्हणून तिचं हसू गेलं होतं. म्हणजे आम्ही टाळ्या वाजवत होतो त्या एकेका दिवशी तिचं काहीतरी जात होतं.

मुलांच्या मेंदूविकारांच्या तिथल्या डॉक्टर ओमानी होत्या. आवाज हळू, हिंदी चांगली. लहानपणी शेजारी भारतीय कुटुंब होतं म्हणे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि जांभळट उजेडाचा एक छोटा दिवा मनूच्या अंगावरून फिरवला. तिच्या पाठीवर, पोटावर, मांडीवर लांबट पानासारखे पांढरे डाग चमकायला लागले.

मांडीवरचा एक आम्हाला ठाऊक होता. मनू झाली तेव्हा फोटोत तो बघून आईने दबक्या आवाजात विचारलं होतं, "कोड तर नाय मां?" कोडाचं नाव निघालं की आपल्याकडची घरं कशी चिडीचूप होतात ते सांगायला नको. त्यातून मुलगी. तेव्हापासून फोटो काढताना आम्ही तिला पायघोळ कपडे घालायला लागलो. क्लिनिकच्या डॉक्टरांनाही तो डाग आपण होऊन कधी दाखवला नाही. तो दाखवला असता तर तिथेच एखाद्याला शंका आली असती.

दिवा लावून ओमानी डॉक्टर माझ्याकडे वळल्या आणि माझ्याच चेहऱ्याकडे निरखून बघायला लागल्या. "ये आपके गालों पर कब से है?"

"पिंपल्स है मॅडम. कॉलेज से."

"जूते उतारिए."

मी मधे कामावर जाऊन सोहारहून थेट आलो होतो, पायात सेफ्टी शूज. वास येईल म्हणून मी कचरत होतो. त्या खाली वाकून बसल्या. माझ्या पायाच्या बोटांना नखांच्या कडेने मांसाचे बारीक कोंब येतात. किती वर्षं येत होते. मी ते सेफ्टी शूजच्या माथी मारले होते. मोठे झाले की ब्लेडने कापायचो आणि हळद लावायचो. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये जूतों से नहीं है."

आजाराचं नाव ट्यूबरस स्क्लेरोसिस. शरीरात जागोजागी गाठी होतात. मेंदूत, हृदयात, मूत्रपिंडात, कातडीवर. बहुतेक कर्करोगाच्या नसतात, पण जिथे होतात तिथलं काम बिघडवतात. मेंदूतल्या गाठी कंदासारख्या असतात म्हणून ट्यूबर. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. पुढे रक्ततपासणीत पक्कं झालं. मनूला तो माझ्याकडून आला होता.

मी मोजे हातात घेऊन बसून राहिलो. वैशाली माझ्या पायांकडे बघत होती. लग्न झाल्यापासून त्या बोटांना एरंडेल चोळणारी तीच.

आता थोडं विज्ञान. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी पुढे वाचलं, ते माझ्या भाषेत सांगतो. मला ते समजून घ्यायलाच हवं होतं, कारण माझ्याकडून लेकीला नक्की काय गेलं हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

आपल्या प्रत्येक पेशीला सारखं एक ठरवावं लागतं: आता वाढायचं की थांबायचं. वाढायचं म्हणजे मुख्यतः प्रथिनं बनवायची. पेशीच्या भिंती-खांबांत प्रथिनं आणि तिच्यात राबणारी मंडळीही बहुतेक प्रथिनंच. हे काम फार ऊर्जा खातं, म्हणून पेशी आधी चौकशी करते. शरीर जेवलंय का? ते इन्सुलिनकडून कळतं. कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लं, घरात आहेत का? ऊर्जा पुरेल का? हे निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात जातात. या साखळीला सिग्नलिंग पाथवे म्हणतात. त्यातले बरेचसे निरोप ज्याच्याकडे येऊन पोचतात त्या प्रथिनाचं नाव एमटॉर. सगळीकडून होकार आला की एमटॉर जोर धरतं आणि पेशीत प्रथिनं धडाधड बनायला लागतात. उपास पडला की ते मंदावतं, बांधकाम थांबतं आणि पेशी घरातलंच जुनं सामान मोडून गुजराण करते.

या एमटॉरला आवरून धरणारी प्रथिनांची एक जोडी आहे, हॅमार्टिन आणि ट्युबेरिन. ही जोडी बनवणारी दोन जनुकं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. माझ्या त्यातल्या एका जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली. दुसरी धड असते तोवर भागतं. पण एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथला लगाम सुटला. मग निरोप येवो न येवो, एमटॉर चालूच. शरीर उपाशी असलं तरी त्या पेशीच्या लेखी रोजची दिवाळी. ती फुगत जाते, आणि अशा पेशींची गाठ होते.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं. फ्लोट अडकला की टाकी भरल्याचा निरोपच जात नाही आणि पाणी जिन्यावरून वाहतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "मतलब फ्लोट व्हॉल्व्ह खराब है." त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "एक्झॅक्टली. और व्हॉल्व्ह हम बदल नहीं सकते."

मी विचारलं, मग बिघाड तोच असून मला नुसते पिंपल्स आणि तिला हे, असं का? दुसरी प्रत कुठे आणि कधी बिघडेल ते कुणाच्या हातात नसतं, असं त्या म्हणाल्या. माझी गालांवर आणि पायाच्या बोटांत बिघडली. तिची मेंदूत. माझ्या वाट्याचं तिने घेतलं, असं मला वाटायचं. अजूनही कधीकधी वाटतं.

मनूला व्हिगाबॅट्रिन नावाचं औषध सुरू झालं. पूड असते, पाण्यात विरघळवून द्यायची. या आजारातल्या झटक्यांवर ते चांगलं लागू पडतं, पण डोळ्यांना त्रास होऊ शकतो म्हणून डोळे तपासत राहावं लागतं. काही दिवसांनी एका सकाळी मनू जागी झाली आणि नुसतीच पडून राहिली, पंख्याकडे बघत. वैशाली आणि मी दोन बाजूंना श्वास रोखून बसलेले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वैशाली बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

झटके थांबले, पण मनू मागे पडली होती. इतर बाळं रांगायच्या वयात ती कुशीवर वळत नव्हती. नजर आमच्यावरून घसरून जायची. हाक मारली तर वळायची नाही. मला एकच प्रश्न छळायचा: ही आम्हाला कधी ओळखेल का? मी हिचा बाप आहे, हे हिला कधी कळेल का?

आणि मी घरात फर्मान काढलं: मनूसमोर कुणी हात जोडायचे नाहीत. पाहुण्यांनी तिला "जय कर, जय कर" म्हणायचं नाही. पुढच्या वर्षी गणपती आणायला मी तयार नव्हतो. वैशालीने ऐकलं नाही, आणला. आरतीच्या वेळी मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. माझे हात जुळायचेच नाहीत. जोडायला गेलो की ती क्लिप डोळ्यांपुढे यायची.

क्लिप मी पुसली नव्हती. ओमानी डॉक्टरांनी ती मागितली, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला. असा स्पष्ट व्हिडिओ क्वचित मिळतो म्हणाल्या. मी दिली, फक्त आवाज काढून टाका अशी विनंती केली. त्यांनी कारण विचारलं नाही.

आईला सगळं सांगायला मी फार उशीर केला. सांगितलं तेव्हा शेवटी हेही म्हणालो की आई, हे माझ्याकडून आलंय, माझ्यातच खोट आहे. मग आई म्हणाली, "तुझ्याकडसून नाय रे. माझ्याकडसून इला."

मी म्हटलं, म्हणजे?

"तुझ्या वक्ताक मी पोटुशी होतंय. ग्रहण लागलेला. सासवेन नको म्हणान सांगलेल्यान, तरी मी आडाळ्यार मासो कापलंय. तू झालंस तो पाठीर पांढरो डाग घेवन. कोणाक बोललंय नाय मी. तेचोच हो भोग."

आडाळो म्हणजे विळी. गरोदर बाईने ग्रहणात चिरू-कापू नये, बाळाला व्यंग येतं, असं आमच्याकडे मानतात. माझ्या पाठीवर डाग आहे हे मला माहीतच नव्हतं. आईला माझ्या जन्मापासून माहीत होतं आणि ती तेवढी वर्षं ते मनात घेऊन जगली होती. एका माशापायी.

मी तिच्यावर जवळजवळ ओरडलोच. म्हटलं, "आई, वेडी आहेस का? ग्रहणाचा काय संबंध? हे पेशीतलं आहे. कुणी मुद्दाम केलेलं नाही, कुणाला आधी कळणं शक्य नव्हतं. तुझा काही दोष नाही!" आई म्हणाली, "बरा तर. मग तुझो खयचो?"

म्हणजे, मग माझा दोष तरी कुठला. तिचं ग्रहण खोटं आणि माझं जनुक खरं, एवढाच फरक होता. पण त्या टाळ्या राहिल्याच, त्यांना आई काही करू शकत नव्हती. दुसरं मूल मात्र आम्ही होऊ दिलं नाही. यावर आमच्यात फारशी चर्चा झाली नाही. मी विषय काढला, वैशालीने नकारार्थी मान हलवली आणि ती मनूला भरवायला उठली.

मनू तीन वर्षांची झाली तेव्हा दर वेळेसारखा एमआरआय केला. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात झोपवून काढलेला मेंदूचा फोटो. लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते. ती भुलेत शिरताना आपल्या हातातला हात सैल पडतो, त्याची सवय होत नाही. या वेळी मेंदूतली एक गाठ वाढली होती. सेगा म्हणतात तिला. मेंदूत पाणी वाहायच्या वाटेच्या तोंडाशी होती. वाट बंद झाली तर डोक्यात पाणी साठून जिवावर बेतू शकतं.

दोन मार्ग होते. शस्त्रक्रिया, किंवा एव्हरोलिमस नावाची गोळी. हे औषध नेमकं एमटॉरलाच मंद करतं. त्याचं मूळ रूप म्हणे एका दूरच्या बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. डॉक्टरांना माझी टाकी आठवत होती. त्या म्हणाल्या, "व्हॉल्व्ह नहीं बदल सकते, लेकिन पंप को धीमा कर सकते हैं." पण पंप सगळ्या अंगाचा मंदावतो. जखमा उशिरा भरतात, प्रतिकारशक्ती कमी होते, वारंवार रक्त तपासावं लागतं. आणि गोळी बंद केली तर गाठ पुन्हा वाढू शकते.

आम्ही गोळी निवडली. पहिल्या महिन्यात मनूचं तोंड आतून सोलवटून निघालं. मऊ भात, थंड दही, काहीच जाईना. मी चमचा पुढे केला की ती तोंड मिटून माझ्याकडे बघायची. औषध मीच द्यायचो, त्यामुळे तिच्या लेखी हे दुखणं मीच देत होतो. खोटं नव्हतंच ते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो: तोंड आलं की डॉक्टरांना लगेच कळवा, अंगावर काढू नका. आम्ही कळवलं, त्यांनी मात्रा कमी केली, मग जमलं.

पुढच्या एमआरआयचा फोटो डॉक्टरांनी आधीच्या फोटोशेजारी लावला. मला त्यातलं काही कळत नाही, पण गाठ लहान झाली होती हे मलाही दिसलं. "अलहमदुलिल्लाह," डॉक्टर म्हणाल्या. वैशालीने त्यांचा हात घट्ट धरला.

त्या दिवशी मी धीर करून विचारलं. वैशालीला मनूला घेऊन बाहेर जाऊ दिलं आणि मग विचारलं. "मॅडम, वो पहले के दिन. हम तालियाँ बजा रहे थे, वो. तभी लाते तो आज ये बोलती क्या?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लवकर उपचार झाले तर चांगलं, हे खरं आहे. पण हिच्या बाबतीत किती फरक पडला असता, ते कोणीच सांगू शकत नाही. "कुछ फ़र्क़ नहीं पड़ता, ऐसा मैं नहीं बोलूँगी. आप मानेंगे भी नहीं." मग म्हणाल्या, "लेकिन वो वीडियो न होता, तो और देर होती."

मी ते वाक्य घेऊन सोहारपर्यंत गाडी चालवली. दोष माफ झाला नव्हता, पण त्याला दुसरी बाजू होती. हौसेने दाखवत सुटलो म्हणूनच तो व्हिडिओ त्या केरळी डॉक्टरांपर्यंत पोचला. नंतर एकदा मी मुद्दाम मनूला त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सर्दी तो नहीं है ना?" मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. नुसतं थँक यू म्हणून आलो.

मनू आता पाच वर्षांची आहे. चालते, डबे एकात एक घालते, "आई", "पाणी" आणि आजीकडून फोनवर उचललेलं "नाय" एवढं बोलते. मस्कतमधल्याच मदिनत सुलतान काबूस भागात एका केंद्रात तिला थेरपीसाठी नेतो. तिथल्या बाईंनी सुचवलं होतं, हिला एखादं अभिवादन शिकवा, नमस्ते सगळ्यात सोपं. मी इतक्या जोरात नको म्हटलं की त्या चपापल्या. मग बाय-बाय शिकवायचं ठरलं. ते तिला अजून आलेलं नाही.

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. वैशाली देवापुढे दिवा लावत होती. माझं फर्मान असल्यामुळे ती मनूकडे पाठ करूनच हात जोडते. मनू खाली डब्यांशी खेळत होती, मी सोफ्यावर मोबाईल बघत होतो. मनू उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिने मान खाली घातली, दोन्ही हात उचलून पुढे आणले आणि जोडले.

मी ताडकन उठलो. तिचे खांदे धरले. डोळे वर गेलेत का बघितलं, ओठ बघितले, घड्याळ बघितलं. वैशालीला हाक मारली, "आला, आला!" आणि दुसऱ्या झटक्याची वाट बघत राहिलो, कारण तो कधी एकटा यायचा नाही.

दुसरा आला नाही. मनूने मान वर केली. हात तसेच जोडलेले, आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. जरा वैतागलीच होती.

वैशाली मागे येऊन उभी होती. म्हणाली, "अरे, ती तुला करतेय. हात जोड ना."

मी हात जोडले. मनूने माझे दोन्ही हात बाहेरून धरले, ते नीट जुळलेत का ते दाबून पाहिलं, आणि आपल्या डब्यांकडे निघून गेली.

मोबाईल सोफ्यावर माझ्या शेजारीच पडला होता. व्हिडिओ काढायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.